इंग्लंडमधली पहिली फुटबॉल मॅच: टीव्हीसमोरून उठून स्टँडमध्ये कसं पोचायचं

इंग्लंडमध्ये नोकरीला किंवा शिकायला आलेला आपला माणूस पहिल्या महिन्यात दोन गोष्टी हमखास विचारतो. कढीपत्ता कुठे मिळतो आणि मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाचं तिकीट कसं मिळतं. कढीपत्ता सोपा आहे.

मी सात वर्षांपूर्वी पुण्याहून लँकेशायरला आलो. त्याआधीची पंधरा वर्षं प्रीमियर लीग रात्री जागून टीव्हीवर पाहिलेली, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं अशी समजूत होती. पहिल्याच वर्षी पैसे बुडाले, चुकीच्या स्टँडमध्ये बसलो, रेल्वेचं एक तिकीट फुकट गेलं आणि एकदा चहा समजून भलतंच काहीतरी प्यायलो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. यात माझी मतंही येतील. ती पटली नाहीत तर सोडून द्या, पायऱ्या मात्र सोडू नका.

१. आधी मोठा क्लब डोक्यातून काढा

लिव्हरपूल, आर्सेनल, युनायटेड यांच्यावरचं तुमचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरापासून दोनशे मैलांवरच्या मैदानाच्या तिकिटासाठी वर्षभर झुरण्यापेक्षा अर्ध्या तासावरच्या मैदानावर पुढच्या शनिवारी जाऊन बसा. टीव्हीवरचा क्लब कुठे पळून जात नाही.

इथली रचना शिडीसारखी आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, १९९२ साली सुरू झालेली, २० क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४ क्लब. हे झाले ९२. त्याखालीही शिडी संपत नाही, पार गावच्या क्लबांपर्यंत जाते. प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन खाली घसरतात. चॅम्पियनशिपमधले पहिले दोन थेट वर जातात, आणि त्यांच्या खालोखालचे काही क्लब उरलेल्या एका जागेसाठी आपसात झुंजतात. म्हणून मे महिन्यात तळाला असलेल्या दोन क्लबांची मॅचसुद्धा रंगते. आयपीएलमध्ये शेवटच्या नंबराला आलेल्या संघाचं काय बिघडतं? काही नाही. इथे शेवटच्या नंबराला आलात की पुढच्या वर्षी छोट्या गावांत खेळायला जावं लागतं, उत्पन्न घटतं, माणसांच्या नोकऱ्या जातात.

१८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात १२ क्लब होते, आणि त्यातले सहा एकट्या लँकेशायरचे. कापडगिरण्यांची गावं ही. शनिवारी दुपारी गिरणीचा भोंगा झाला की कामगार थेट मैदानावर. मी राहतो तिथून ब्लॅकबर्न, बर्नली, प्रेस्टन, बोल्टन, ॲक्रिंग्टन ही सगळी मैदानं तासाभराच्या आत आहेत. तुम्ही लंडन, बर्मिंगहॅम, लीड्स कुठेही असा, जवळपास काहीतरी सापडेलच.

मी ब्लॅकबर्न रोव्हर्स निवडला. त्यात एक पुणेरी गोची आहे, ती शेवटी सांगतो.

२. तारीख ठरवा, पण तारखेवर विश्वास ठेवू नका

पूर्ण सीझनचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं. ते बघून लोक उत्साहाने रेल्वेचं स्वस्त तिकीट काढतात आणि फसतात. जूनमध्ये जवळजवळ सगळ्या मॅच शनिवारी दुपारी तीनच्या दाखवलेल्या असतात. मग टीव्हीवाले आपल्याला हव्या त्या उचलतात. कुठली शुक्रवारी रात्री जाते, कुठली शनिवारी साडेबाराला, कुठली रविवारी, कुठली सोमवारी. माझं फुकट गेलेलं तिकीट असंच. तेव्हा टीव्हीच्या वेळा जाहीर होईपर्यंत रेल्वे आणि हॉटेल यांना हात लावू नका.

इथे माझं पहिलं मत. सोमवारी रात्री आठची मॅच न्यूकॅसलला आणि पाहुण्या संघाचे चाहते लंडनचे. ती संपल्यावर घरी पोचायला ट्रेन उरत नाही. ज्यांच्या आवाजामुळे हा खेळ टीव्हीवर विकला जातो, त्यांच्याच घरी परतण्याचा विचार कोणी करत नाही.

उलटी गंमतही आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये टीव्हीवर फुटबॉल थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकापासूनची प्रथा आहे. घरबसल्या मोठी मॅच दिसली तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाईल, हा त्यामागचा विचार. त्यामुळे शनिवारी तीनची मॅच पुण्यात माझा भाऊ हिवाळ्यात रात्री साडेआठला सोफ्यावर बसून पाहतो आणि मैदानापासून वीस मैलांवर राहणाऱ्या मला ती दिसत नाही. सुरुवातीला चिडचिड झाली. आता ही प्रथा कधीच जाऊ नये असं वाटतं. शनिवारी तीन ही खरी वेळ. पहिली मॅच शक्यतो त्याच वेळची बघा.

३. तिकीट

या पायरीवर सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून सावकाश वाचा.

क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडा. ते फुकट असतं आणि तुम्हाला एक ग्राहक क्रमांक मिळतो. चॅम्पियनशिपच्या आणि त्याखालच्या बहुतेक मॅचना एवढं पुरतं. सीट निवडा, साधारण पंचवीस ते पस्तीस पौंड भरा, झालं. मुलांचं तिकीट बरंच स्वस्त असतं.

मोठ्या क्लबांचं गणित वेगळं. तिथे आधी सभासदत्व घ्यावं लागतं, साधारण तीस-चाळीस पौंड वर्षाला. आपल्या लोकांचा मोठा गैरसमज असा की सभासद झालो म्हणजे तिकीट मिळालं. तसं नाही. सभासदत्व म्हणजे रांगेत उभं राहायचा हक्क. पुढे कुठे सोडत निघते, कुठे आधी पाहिलेल्या मॅचचे गुण मोजतात, कुठे ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला संगणकासमोर बसून नशीब आजमावायचं. सोडतीत नाव नाही आलं तर निराश होऊ नका. मॅचच्या आठवड्यात सीझन तिकीटवाले आपली जागा क्लबच्याच अधिकृत अदलाबदलीच्या खिडकीत सोडतात. बुधवार ते शुक्रवार तिथे दिवसातून चार वेळा डोकवा. माझे दोन मित्र असेच लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर जाऊन आले.

आणखी दोन चोरवाटा. लीगशिवाय लीग कप आणि एफए कप या दोन बाद पद्धतीच्या स्पर्धा असतात. लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्या आणि जानेवारीतली एफए कपची तिसरी फेरी, या मॅचना मोठ्या क्लबांची तिकिटंही त्या मानाने सहज आणि कमी किमतीत मिळतात. आणि महिलांच्या मॅच. इंग्लंडच्या महिलांनी २०२२ आणि २०२५ अशी लागोपाठ दोनदा युरोपची स्पर्धा जिंकली आहे. लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी सुरुवात तिथूनच करायला सांगेन.

आता सापळा. इथे फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय परस्पर विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट कोणी दुसऱ्याला विकलं तर चालतं, फुटबॉलचं नाही. तरीही फेसबुकवर, व्हॉट्सॲपवर, मैदानाबाहेरच्या कोपऱ्यावर विकणारे भेटतातच. मी एका ओळखीच्या ओळखीच्याकडून १४० पौंडांना तिकीट घेतलं. फोनवर चित्र आलं, त्यावर क्यूआर कोड, सीट नंबर, सगळं व्यवस्थित. फिरत्या दारापाशी फोन टेकवला तर दिवा लाल. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. मागची रांग खोळंबलेली. तिथला माणूस अगदी सौम्यपणे म्हणाला, हे तिकीट आधीच आत गेलंय. मी बाहेरच्या फुटपाथवर उभा राहून आतली पहिल्या गोलची गर्जना ऐकली. विकणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. तेव्हा चित्र स्वरूपातलं तिकीट, कोणाचं तरी कार्ड एका दिवसापुरतं भाड्याने, ‘गेटवर भेटा’ असले प्रकार दिसले की पाठ फिरवा.

किमतीबद्दल बोलायचं तर वरच्या लीगमधले भाव बघून पोटात गोळा येतो. पण चाहते गप्प बसतात असं समजू नका. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या मालकांनी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं. संडरलंडविरुद्धच्या मॅचमध्ये ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होतं, मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी भाव मागे घेतला. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातली, तीही अशाच दबावाने. आपल्याकडे क्रिकेटच्या मॅचला उन्हात, पाण्याच्या बाटलीविना बसवतात तेव्हा मला हे ७७ वं मिनिट आठवतं.

४. बरोबर काय काय हवं

– फोन, पूर्ण चार्ज केलेला. तिकीट आता बहुतेक ठिकाणी फोनमध्येच असतं. ते घरूनच वॉलेटमध्ये उतरवून घ्या. मैदानाजवळ हजारो लोक एकदम आले की नेट रांगतं.
– बँकेचं कार्ड. बऱ्याच मैदानांवर आत रोख चालत नाही.
– ओळखपत्र. सवलतीच्या तिकिटावर असाल तर वयाचा किंवा विद्यार्थी असल्याचा पुरावा.
– लहान पिशवी. साधारण कागदाच्या ए-फोर आकाराहून मोठी पाठपिशवी बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, आणि ठेवायला जागाही नसते. ऑफिसमधून परस्पर लॅपटॉप घेऊन जाऊ नका.
– कानटोपी, दोन जोड मोजे आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा. हसू नका. पायाखाली काँक्रीट असतं आणि जानेवारीत थंडी तळव्यांतून वर चढते. हा पुठ्ठा मला शेजारच्या आजोबांनी शिकवला.

५. जागा निवडताना

यजमान आणि पाहुणे इथे वेगवेगळे बसतात, मध्ये स्टुअर्डांची, म्हणजे मैदानाची व्यवस्था बघणाऱ्या माणसांची, रांग. हे वानखेडेवर शेजारी-शेजारी बसून चिडवाचिडवी करण्यासारखं नाही. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचा गोल झाल्यावर उडी मारलीत तर तुम्हाला बाहेर काढू शकतात, आणि ते तुमच्या भल्यासाठीच असतं. माझा भाचा सुट्टीत आला तेव्हा भलत्याच क्लबचा लाल टी-शर्ट घालून निघाला होता. मी त्याला माझा पुण्याचा जुना स्वेटर घालायला लावला. पहिल्या वेळी रंग तटस्थ ठेवा. आणि बाहेर मिळणारा अर्ध्या-अर्ध्या क्लबांचा मफलर घेऊ नका. त्याने कपाळावर ‘पर्यटक’ असं लिहिलं जातं.

गोलच्या मागचा स्टँड सगळ्यात बोलका, बाजूचे स्टँड शांत. मुलं असतील तर कुटुंबांचा वेगळा भाग विचारून घ्या. पाहुण्यांच्या भागात सगळे ९० मिनिटं उभे असतात, सीट असली तरी.

सीट आणि उभं राहणं यामागे मोठं दुःख आहे, ते माहीत असावं. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर कुंपणाआडच्या उभ्या स्टँडमध्ये चेंगराचेंगरी झाली, ९७ जणांचा बळी गेला. त्यानंतर वरच्या दोन लीगमधली मैदानं पूर्ण आसनांची झाली. सीटला कठडे लावून सुरक्षित उभं राहायची परवानगी २०२२ मध्ये परत मिळाली. लिव्हरपूलच्या माणसासमोर या विषयावर चुकूनही विनोद करू नका.

६. मॅचचा दिवस

तासभर आधी पोचा. ब्लॅकबर्नच्या ईवुड पार्क मैदानाला मी मिल हिल स्टेशनवर उतरून चालत जातो. विटांच्या बैठ्या घरांच्या रांगा, दारात चहाचे मग घेऊन उभी माणसं, आणि एका वळणावर घरांच्या छपरांमागे अचानक स्टँड दिसतो. टीव्हीवर हे वळण कधीच दाखवत नाहीत.

खाण्याचं सांगतो. इथला वडापाव म्हणजे ‘पाय’ (इंग्रजीतला pie), आत सारण भरून भाजलेला. ‘मीट अँड पोटॅटो’ लिहिलं असेल तर ते मांस बहुधा गाईचं असतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावं. लँकेशायरमध्ये बटर पाय नावाचा प्रकार मिळतो, आत फक्त बटाटा आणि कांदा. इथले कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, त्यांच्यासाठी निघालेला. वरून थोडी मिरपूड घातली की आपल्या बटाट्याच्या भाजीचा लांबचा नातेवाईक वाटतो. आणि थंडीत सगळे कागदी कपातून गडद तपकिरी काहीतरी पिताना दिसतील, तो चहा नव्हे. ते बोव्हरिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचं गरम पाणी. मी अर्धा कप संपवल्यावर विचारलं होतं.

बिअर मिळते, पण १९८५ च्या कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी पिता येत नाही. स्टँडच्या पोटातल्या बोळातच संपवायची. रग्बी आणि क्रिकेटला सीटवर बसून पिता येते, फुटबॉलला नाही. यात कुठेतरी ‘हे कामगारांचे खेळ, यांना आवरायला हवं’ असा वरच्या वर्गाचा सूर आहे असं मला वाटतं.

७. स्टँडमध्ये बसल्यावर

खेळ चालू असताना उठू नका. अख्खी रांग उभी राहते आणि नेमका तेव्हाच गोल होतो. फोन खिशात ठेवा. रीप्ले दिसणार नाही, समालोचन नाही, पहिली वीस मिनिटं कोण कुठे आहे तेही कळत नाही. मग हळूहळू टीव्हीवर न दिसणारं दिसू लागतं. बॉल दुसऱ्या टोकाला असताना बचावपटू हातवारे करून आपली रांग कशी सावरतो, कडेने धावणारा विंगर नुसता मान वळवून किती वेळा मागे बघतो. तिसऱ्या मॅचपर्यंत तुम्ही बॉल सोडून माणसं बघायला लागाल.

गाणी पहिल्यांदा कळत नाहीत, टाळ्या धराव्यात. शिव्या भरपूर असतात आणि मुलं त्या घरी घेऊन येतात, ही तयारी ठेवा. मात्र वंशावरून, रंगावरून कोणी काही बोललं तर ते ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका. १९९१ पासून मैदानात वर्णद्वेषी घोषणा देणं गुन्हा आहे. स्टुअर्डला सांगा, सीट नंबर सांगा. बहुतेक क्लबांचा तक्रारीसाठी मेसेजचा नंबर असतो, तो आधीच फोनमध्ये घालून ठेवा. मैदानात धावत उतरणं हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे. कितीही आनंद झाला तरी कुंपण ओलांडू नका, व्हिसावर असाल तर मुळीच नाही.

आता व्हार, म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या पंचाचा निर्णय तपासणारा पंच. प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० च्या सीझनपासून आला. गोल होतो, तुम्ही अनोळखी माणसाला मिठी मारता, आणि मग सगळे मैदानावरच्या पडद्याकडे बघत उभे. हीथ्रोजवळच्या स्टॉकली पार्कमध्ये बसलेला कोणीतरी खेळाडूच्या खांद्याच्या टोकाशी ऑफसाइडची रेघ तपासत असतो. दोन मिनिटांनी गोल मान्य झाला तरी मघाची ती मिठी परत मारता येत नाही. २०२४ मध्ये वुल्व्ह्ज या क्लबने व्हार बंद करायचा ठराव आणला. बाजूने एकच मत पडलं, त्यांचं स्वतःचं, आणि विरोधात १९. मी वुल्व्ह्जच्या बाजूचा. पंचाच्या चुका मला मान्य आहेत, त्यांच्यावर सोमवारी ऑफिसात भांडता तरी येतं. चॅम्पियनशिपच्या लीग सामन्यांत व्हार नाही. रेघेवरच्या पंचाचा झेंडा खाली आहे एवढं बघायचं आणि मनसोक्त ओरडायचं. खालच्या शिडीवर जा असं मी का म्हणतो, त्याचं हे अर्धं कारण.

८. जीव लावण्याआधी मालक बघून घ्या

घर घेताना आपण सातबारा बघतो, तसं. क्लब कोणाचा आहे, कर्ज किती, मैदान क्लबच्याच नावावर आहे का? शेजारचा बरी हा क्लब १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. पैशांची व्यवस्था दाखवता आली नाही म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याला लीगमधून काढून टाकलं. सीझन सुरू झाला आणि गावातल्या माणसांना शनिवारी दुपारी जायला जागाच नव्हती. २०२३ पासून तो क्लब खूप खालच्या पायरीवरून परत खेळतोय. अशा प्रकारांमुळेच २०२५ मध्ये संसदेने कायदा करून स्वतंत्र फुटबॉल नियामक नेमला. त्याचा उपयोग किती होतो ते दिसेल. एप्रिल २०२१ मध्ये सहा मोठे इंग्लिश क्लब युरोपच्या वेगळ्या लीगमध्ये पळून जायला निघाले होते, त्यांना दोन दिवसांत परत आणलं ते रस्त्यावर उतरलेल्या चाहत्यांनी.

पैसा वाईट, असं सरसकट म्हणणाऱ्यांतला मी नाही. ब्लॅकबर्न १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलं, त्यांचा स्ट्रायकर ॲलन शिअररने त्या सीझनमध्ये लीगमध्ये ३४ गोल केले, आणि तेही पैशाच्याच जोरावर. पण पैसा होता जॅक वॉकरचा. तो त्याच गावचा, तिथेच पोलादाच्या धंद्यात वर आलेला. गावातल्या माणसाला बाजारात गाठून दोन शब्द सुनावता येतात. अबूधाबीत बसलेल्या मालकाला कसं सुनावणार?

किंवा पुण्यात बसलेल्या. हीच ती गोची. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला तो पुण्याच्या व्हेंकीजने, आपल्या कोंबडीवाल्या व्हेंकीजने. महिन्याभरात मॅनेजर बदलला, २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून घसरला, आणि ज्या मॅचमध्ये ते पक्कं झालं त्या मॅचला चाहत्यांनी मैदानात क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी सोडली होती. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, २०१८ मध्ये परत चॅम्पियनशिप.

त्यामुळे शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी, पुठ्ठावाल्या, पहिल्यांदा ‘कुठला रे तू?’ असं विचारलं तेव्हा मी ‘मुंबईजवळचा’ असं सांगून वेळ मारून नेली. पुणेकराने मुंबईच्या आडोशाला लपायचं, याहून नामुष्की ती काय! दोन सीझन हे खपलं. मग एका मंगळवारी रात्री, पावसात, शून्य-शून्य चाललेल्या मॅचमध्ये त्यांनी नेमकं विचारलं, मुंबईजवळ म्हणजे कुठे? मी सांगून टाकलं.

ते बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. आमच्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावपटूला, चकवून पाहुण्यांचा विंगर तिसऱ्यांदा मोकळा सुटला होता. मग थर्मासचं झाकण लावत म्हणाले, ‘पुढच्या वेळी घरी जाशील ना, तेव्हा येताना एक लेफ्ट बॅक घेऊन ये.’